बटन दाबलं की झालं?

"ह्यात कसली आलीय मेहनत? कम्प्युटरच करायलाय की सगळं. बटन दाबलं की झालं!"

परभणीत ताईच्या घरी पोरं टीव्हीला चिकटली होती. 'मॉन्स्टर्स, इंक.' हा कम्प्युटरवर केलेला ॲनिमेशन सिनेमा चालू होता. दाजी सहज बोलून गेले, पण मला ते लागलं.

त्यातल्या सली नावाच्या निळ्या केसाळ राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस आहेत. सिनेमा २००१ सालचा! तो पळाला की केस लहरले पाहिजेत, बर्फात गेला की त्यांत बर्फ अडकला पाहिजे. एकेक केस हातानं हलवणं अशक्य. म्हणून माणसांनी आधी गणितं मांडली, प्रोग्रॅम लिहिले.

बरं, केस हलवेल कम्प्युटर. पण सिनेमातल्या चिमुरडीचा निरोप घेताना सलीनं नजर कधी खाली घालायची, हे कोण ठरवणार? ॲनिमेटर, म्हणजे पात्रांना हलतं करणारे कलाकार, त्यासाठी आरशासमोर बसतात, स्वतः अभिनय करून त्याचं शूटिंग करतात, पापणी कधी मिटते ते बघतात. सेकंदाला २४ चित्रं. दीड तासाला जवळपास १ लाख ३० हजार. त्यातला उजेड आणि सावलीसुद्धा कुणीतरी विचार करून ठेवलेली असते. मला तर ही निव्वळ कलाच वाटते.

आपल्याकडं चित्रं काढणाऱ्या पोराला पहिलं वाक्य ऐकवतात, "ह्यानं पोट भरतंय का?" लातूर-नांदेडला नीटच्या क्लासला घातलेल्या किती पोरांच्या वहीच्या मागच्या पानावर पळता बैल काढलेला असेल! कुणी उघडून बघितलंय का ते पान?