तुम्ही विचारलंत म्हणून: कोळंबीच्या तळ्याची माती

मी नाशिकला माती तपासायचं काम करतो आणि मोखाडा-जव्हारमार्गे पालघरच्या कोळंबीवाल्यांकडेही जाणं होतं, म्हणून इकडचे द्राक्षवाले भेटले की हमखास विचारतात, "कोळंबी पाण्यात असते ना, मग पाणी टेस्ट केलं की झालं, मातीचं काय एवढं?"

अहो, ती असते पाण्यात पण तिचं सगळं चालतं तळाशी. तिथेच चरते, तिथेच कात टाकते, टायगर जातीची कोळंबी तर मातीत रुतूनच बसते. आणि उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ, सगळं तिथेच जाऊन बसतं. खाद्यातल्या नायट्रोजनपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश कोळंबीच्या अंगी लागतो, बाकीचा तळ्याच्या माथी.

एकदा तळाचा गाळ हातात घेऊन बघा. वर काही मिलीमीटरचा तपकिरी थर असतो आणि त्याखाली काळं. खालून येणारे विषारी वायू त्या पातळ थरातल्या ऑक्सिजनमुळे तिथेच मारले जातात, पाण्यात येत नाहीत, म्हणून माझं सगळं लक्ष त्या थरावर असतं. वरपर्यंत काळं दिसलं आणि कुजक्या अंड्याचा वास आला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड सुटलाय, मग वरच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तरी चेक ट्रेमध्ये (खाद्य संपतंय का बघायला पाण्यात सोडलेली ताटली) खाद्य तसंच पडलेलं दिसतं.

खरं काम दोन पिकांच्या मधल्या काळात असतं. काढणी झाली की तळं रिकामं करायचं, मधोमध साठलेला काळा गाळ उचलून लांब टाकायचा (बांधावर नको, पहिल्या पावसात परत आत येतो) आणि 5 ते 10 सेंटीमीटर खोल भेगा पडेपर्यंत तळ सुकवायचा, साधारण दोन-तीन आठवडे. पण वाफसा (मातीतला बेताचा ओलावा) गेला, माती पार कोरडी खडखडीत झाली की जिवाणूंचं कुजवायचं कामही थांबतं. म्हणून वाफशावरच हलकी नांगरट करा, हवा आत जाऊ दे. हे द्राक्षवाल्यांना मला वेगळं समजवायची गरजच पडत नाही. फक्त जुन्या खारफुटीच्या जमिनीत जरा सांभाळून, तिथे गंधकाची खनिजं असतात आणि सुकवून हवा लागली की तीच माती आंबट होते, पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या खाली म्हणजे आंबट) धाडकन खाली येतो.

आंबटपणा मोडायला चुना टाकतात, पण त्याबद्दल माझं मत पक्कं आहे, टेस्टशिवाय टाकू नका. वरच्या 5 सेंटीमीटरची माती पाच-सहा जागांवरून घ्या, मधली आणि कडेची वेगळी ठेवा, पीएच 7 च्या खाली आला तरच शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी) टाका. आपली निफाड-येवल्याकडची काळी जमीन मुळात चुनखडीची, तिथल्या तळ्यात चुना ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. कळीचा चुना (भाजलेला, जास्त तीव्र) रोगजंतू मारायला असतो, त्याने पीएच 10 च्या वर जातो आणि कामाचे जिवाणूही मरतात, त्यामुळे तो रोग येऊन गेला असेल तरच.

आणि प्लास्टिक टाकलेल्या शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनो, तुमच्याकडे माती नाही म्हणून गाळ होत नाही असं नाही. तो तितकाच होतो, उलट त्याला धरून ठेवायला खाली माती नसते, म्हणून पाइप लावून मधला गाळ अधूनमधून ओढून काढा आणि ते पाणी बागेला द्या.