पोत्यांचं कडं

"मॅडम, भरावाखालच्या शेतात पाणी उकळायलंय." चौकीदाराचा फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. सप्टेंबर संपत आलेला, परतीच्या पावसाने मराठवाड्यात ठाण मांडलेलं आणि आमचा लघु तलाव काठोकाठ भरून सांडवा वाहत होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर जी मातीची धरणं झाली, त्यांतलाच हा एक तलाव. तो भरलेला असताना असा फोन आला की शाखा अभियंता हातातलं काम टाकून निघतो.

दगडी पायथ्याच्या पलीकडे सोयाबीनच्या तासात हाताच्या पंजाएवढ्या जागेतून पाणी उसळत होतं आणि भोवती बारीक रेतीचा, वारुळासारखा ढीग साचत होता. मातीच्या धरणाखाली थोडाफार पाझर असतोच, त्याला कोणी घाबरत नाही. मी पाण्याची रिकामी बाटली भरून घेतली आणि हातात धरून उभी राहिले. दोनेक मिनिटांत तळाशी बोटभर गाळ बसला. म्हणजे पाणी एकटं येत नव्हतं, धरणाच्या पोटाखालची माती घेऊन येत होतं. अशी पोकळी मागे मागे तलावाकडे सरकत जाते आणि एकदा तिथवर पोचली की भराव खचायला फार वेळ लागत नाही.

मी पोचेपर्यंत गावकऱ्यांनी चार-पाच मोठे धोंडे आणून उमाळ्यावर टाकले होते. सरपंच घाईला आलेले. "ताई, वरून पन्नास पोती टाकून दाबून टाकू की! एवढा विचार कशाला?" चूक त्यांची नव्हती, कुणालाही पहिलं हेच सुचतं. पण तोंड दाबलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि ती दुसरी वाट भरावाच्या थेट खाली निघाली तर आपल्याला दिसतही नाही. मी म्हटलं, "सरपंच, पाणी जाऊ द्या. अडवायची आहे ती माती." त्यांना ते पटलं नाही. तरी त्यांनी धोंडे काढायला लावले, हे त्यांचे उपकार.

करायचं होतं ते एवढंच. उमाळ्याला लांबून वेढा घालून पोत्यांचं कडं रचायचं आणि आत पाणी चढू द्यायचं. तलावातली पातळी आणि खालची पातळी यांतला फरक जेवढा जास्त, तेवढा पाण्याला जोर. कड्यात दोन-अडीच फूट पाणी उभं राहिलं की तेवढा फरक कमी होतो. पाणी येतच राहतं, पण माती ओढायची ताकद त्याच्यात उरत नाही.

आता पोती. खताच्या गोण्या घरोघरी होत्या, पण त्या गुळगुळीत, ओल्या झाल्या की एकमेकींवरून घसरतात. तागाचं पोतं पोत्याला धरून बसतं. शेजारच्या बाजारगावातल्या अडत्याला फोन केला तर त्याने पन्नास किलोच्या बारदानाचे गठ्ठे टेम्पोत टाकून पाठवले, पैशाचं नावही काढलं नाही. वाळूचं मात्र अवघड. नदीत वाळू राहिलेली नाही, आणि आहे तिला हात लावायचा तर आधी तहसील आठवतं. शेवटी गावात एका मास्तरांच्या घराचं बांधकाम चालू होतं, त्यांच्या दारातली दोन ब्रास वाळू उचलली. हाताशी शेतातली काळी माती होती, पण ती अशा कामाला नको. पोत्यात तिची ढेकळं राहतात, मध्ये फटी पडतात आणि भिजली की नुसता चिखल.

भरताना प्रत्येक जण पोतं गच्च भरत होता. मोठं पोतं म्हणजे मजबूत पोतं, असा सगळ्यांचा समज. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं ताठ राहतं, शेजारच्याला चिकटत नाही. अर्ध्याहून थोडं जास्त भरायचं, म्हणजे ते पसरतं आणि फट बुजवतं. शिवाय तीस किलोच्या आतलं ओझं माणूस रात्रभर वाहू शकतो. तोंड बांधायचं नाही, दुमडून पोत्याखाली दाबायचं आणि त्यावर पुढच्या पोत्याचं बूड ठेवायचं. मास्तरांकडच्या गवंड्याच्या पोराने रंगाच्या बादलीचा तळ कापला, ती पोत्याच्या तोंडात उलटी बसवली आणि फावड्याने वाळू ओतू लागला. दोघांचं काम एकट्याने, तेही दुप्पट वेगाने. त्या पोराला आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं.

रचायच्या जागेवरचं सोयाबीन उपटून जमीन खरवडली, कारण पाल्यावर ठेवलेल्या पोत्याखालून पाणी हमखास निसटतं. तळाला तीन रांगा, वर दोन, शेवटी एक. विटकामासारखा सांधा मोडत, प्रत्येक थर पायाने तुडवून आणि धुमसाने चोपून. साधारण अडीचशे पोती लागली. तिकडे चौकीदाराने विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या वाटेचं, दार पूर्ण उघडलं होतं आणि ओढ्याकाठची वस्ती तलाठ्यांनी शाळेत हलवली होती. २०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण रात्रीच फुटलं होतं, त्यामुळे वस्ती हलवायला कोणी खळखळ केली नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास उपअभियंता साहेब आले. पुण्याचे, पानशेत घरात ऐकत वाढलेले. १९६१ साली तिथे लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या भरावावर रात्रभर पोती रचली. धरण वाचलं नाही, पण ते फुटलं १२ जुलैच्या सकाळी, माणसं जागी असताना. साहेब कड्याभोवती फिरले, एक पोतं बुटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आणखी एक थर चढवा, आणि वरच्या कडेला पाइप टाका, नाहीतर पाणी सांडून पोतीच उकरेल."

थर चढवला, पाइप बसवला. तासाभराने पाइपातून पडणारं पाणी बाटलीत धरलं, टॉर्च मागे लावून पाहिलं. नितळ. सरपंचांनी माझ्या हातातून बाटली घेतली, स्वतः हलवून पाहिली, पुन्हा थांबले, पुन्हा पाहिली. मग चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी कड्यात आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर टाकले. पाणी गाळून बाहेर पडेल, माती आतच राहील. आठवड्याभरात तलाव बराच उतरला. पक्की दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात झाली, तेव्हा कडं मोडलं. उन्हापावसाने ताग कुजला होता, पोती उचलताना हातात फाटत होती. जी धड निघाली ती गावाने वनराई बंधाऱ्याला नेली.

बिल मार्चमध्ये निघालं. मापपुस्तिकेत पोती भरण्या-रचण्याचं माप बसलं, वाळूचा दर मात्र सरकारी, म्हणजे बाजारापेक्षा बराच कमी. मास्तरांनी सही केली, "तोवर आमचं प्लास्टर थांबलंय बरं का, मॅडम," एवढंच म्हणाले, आणि उरलेल्या वाळूसाठी कुठे अर्ज करायचा ते विचारत बसले.