आमची वाटचाल : निळ्या उजेडाची पिवळी पूड

अंबरनाथ एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आधी औषध कंपन्यांसाठी जॉबवर्कवर इंटरमीडिएट्स, म्हणजे औषध बनण्याआधीची मधली रसायनं, करायचो. काम भरपूर, पण पेमेंट महिनोन्‌महिने लटकायचं. एका गिऱ्हाइकाने कार्बाझोलची, म्हणजे ओएलईडीच्या रेणूंत लागणाऱ्या एका सेंद्रिय घटकाची, चौकशी केली आणि आम्ही ओएलईडीच्या वाटेला लागलो. ओएलईडी म्हणजे फोन-टीव्हीच्या पडद्यांतले, वीज दिली की स्वतः उजेड देणारे सेंद्रिय डायोड.

लाल-हिरव्या उजेडाचा प्रश्न इरिडियम या धातूच्या संयुगांनी सोडवला होता. अडलं होतं निळ्याचं. साध्या फ्लुओरेसंट रेणूत विजेतून तयार होणाऱ्या 100 एक्सायटॉनपैकी (उत्तेजित अवस्थांपैकी) 25च, म्हणजे सिंगलेट प्रकारचेच, थेट उजेड देतात. उरलेले 75 ट्रिपलेट प्रकारचे, ते बहुतेक वाया. त्यात निळ्या फोटॉनची ऊर्जा जवळपास 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे लाल-हिरव्यापेक्षा जास्त. उत्तेजित रेणू एकमेकांवर आदळले की ती एकवटते आणि कार्बन-नायट्रोजनचा बंधच तुटतो. बऱ्याच फोनच्या पडद्यांत निळा ठिपका मोठा असतो तो यासाठीच, म्हणजे त्याच्यावर ताण कमी पडतो.

2012 मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने उष्णतेच्या जोरावर ट्रिपलेट परत सिंगलेटमध्ये आणून दाखवले. कार्यक्षमता वाढली, पण रंग पसरट. मग जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकुजी हाताकेयामांनी बोरॉन-नायट्रोजनची ताठ चौकट आणली. 2019 च्या न्यू-डाबना रेणूचा उजेड 469 नॅनोमीटर तरंगलांबीला, पट्टा जेमतेम 18 नॅनोमीटर रुंद, आणि बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत सोडलेल्या इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे फोटॉन) 34.4 टक्के. आमच्या दृष्टीने खरी क्रांती ही.

त्या रेणूंची पेटंटं दुसऱ्यांची. आम्ही संशोधकांना लागणारे कच्चे घटक देतो आणि त्यांनी बनवलेला माल शुद्ध करून देतो. या रेणूंत बोरॉन बसवायला लागणारं बोरॉन ट्रायब्रोमाइड हाताळायचं म्हणजे कोकणच्या पावसाळ्यात अंगावर काटा. हवेतल्या ओलाव्यानेच ते धुरावतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर ती रिअ‍ॅक्शन आम्ही लावतच नाही. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी.

खरं कसब संप्लवनात, म्हणजे घन पुडीची थेट वाफ करून ती पुन्हा घन करण्यात. काचेच्या लांब नळीत एका टोकाला कच्ची पूड, जोडीला व्हॅक्यूम पंप, आणि टोकाटोकाला उतरत जाणारं तापमान. काही तासांनी नळीच्या मधोमध काचेला चिकटलेलं पिवळं कडं दिसू लागतं. हलकी घाण पुढे निघून जाते, जड काळी राख बोटीतच, म्हणजे पूड ठेवलेल्या छोट्या भांड्यातच, राहते. कडं खरवडायचं काम आमच्या एक ताई करतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, 99.9 टक्के आलं म्हणून हुरळून चालत नाही. उरलेलं ब्रोमीन काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) असलं तरी डायोडचं आयुष्य घटू शकतं, म्हणून हॅलोजनची (ब्रोमीनच्या कुळातल्या मूलद्रव्यांची) तपासणी वेगळी, बाहेरून करून घेतो. खर्चिक आहे, पण तिथे काटकसर करणार नाही.

सध्या रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालून बघतोय. त्याचा कार्बनशी बंध चिवट, म्हणून निळा जास्त टिकतो. ड्युटेरियम ज्यात असतं त्या जड पाण्याचा एक सरकारी कारखाना अलिबागजवळ थळला आहे. ड्युटेरियमसाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. दुसरी नळीही मागवली आहे.