पाचवीला पुजलेला शब्द

"आय ॲम डूम्ड टू मीट यू," आंटी म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून गोड हसल्या.

सिंगापुरात आमच्या इमारतीच्या खाली मोकळा तळमजला आहे. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या दगडी टेबलापाशी संध्याकाळी आमची शिकवणी भरते. शिकवणी कसली, गप्पाच. आंटी सत्तरीच्या, मँडरिन बोलणाऱ्या. नातू घरात इंग्रजीच बोलतो, म्हणून या वयात त्यांनी वही घातली आहे. डावीकडे चिनी, उजवीकडे इंग्रजी. आमची ओळख लिफ्टमधली, तेवढ्यावर मी गुरुजी झाले.

तर हे "डूम्ड" आलं कुठून? वहीत डावीकडे "जूदिंग" लिहिलं होतं. म्हणजे आधीच ठरलेलं, टळणार नाही असं. समोर शब्दकोशातून उतरवलेले दोन शब्द होते, डेस्टिन्ड आणि डूम्ड. आंटींनी त्यातला लहान उचलला. उच्चाराला सोपा पडतो, एवढंच कारण. पोरगा डॉक्टर होणार असो की जहाज बुडणार असो, जूदिंग दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत मात्र पहिल्याला डेस्टिन्ड लागतं आणि दुसऱ्याला डूम्ड.

मूळचा हा डूम काही इतका अभद्र नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फक्त निवाडा, कायदा. 1086 साली इंग्लंडच्या विल्यम राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करवली. त्या दप्तरात लिहिलं ते शेवटचं, त्यावर दाद नाही, म्हणून लोक पुढे त्याला डूम्सडे बुक म्हणू लागले. निवाड्याला गेलेल्या माणसाच्या पदरात बहुधा काय पडतं हे आपल्यालाही ठाऊक आहे. शब्द काळवंडत गेला त्यात नवल नाही.

हे सगळं आंटींना कसं सांगायचं? मला आपली पाचवी आठवली. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री ती येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. ती सगळंच लिहीत असणार, बरंही आणि वाईटही. पण "पाचवीला पुजलेलं" आपण कशाला म्हणतो? दारिद्र्याला, कटकटीला, उशिरा येणाऱ्या बसला. "सुख आमच्या पाचवीला पुजलंय" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. डूम्ड म्हणजे नेमकं हेच.

कपाळावर बोट फिरवून मी लिहिण्याची खूण केली. आंटींनी मान हलवली आणि वहीत "मिंग" हे अक्षर मोठं करून काढलं. मिंग म्हणजे आयुष्य, नशीब आणि हुकूमसुद्धा. त्यातला एक भाग आज्ञेचा, दुसरा तोंडाचा. म्हणजे त्यांचं नशीब वरून कुणीतरी फर्मावलेलं. इंग्रजीतलं फेटही लॅटिनमधून आलंय, मूळ अर्थ "बोललेलं". आपलं तेवढं कागदोपत्री! ललाटलेख, विधिलिखित. सरकारी कामाची सवय आपल्याला फार जुनी दिसते.

डेस्टिनेशनपाशी आंटी खऱ्या अडल्या. चिनीत त्याला "मूदीदी" म्हणतात. मू म्हणजे डोळा, पहिला दी म्हणजे नेम धरायचं लक्ष्य, दुसरा दी म्हणजे जागा. जिथे नजर लावून निघालो ती जागा. यात नशीब कुठेच नाही, आणि इंग्रजीत मात्र डेस्टिनी नि डेस्टिनेशन बहिणी-बहिणी! "पार्सल डेस्टिन्ड फॉर पेनांग" असं मी उदाहरण दिलं, तर त्या खळखळून हसल्या. पार्सललाही पत्रिका असते का? मी सांगितलं की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ घट्ट बांधणं, पक्कं करणं, नेमून देणं. पार्सलला गाव नेमून दिलेलं असतं, माणसाला भोग. हे स्पष्टीकरण मलाच आवडलं. आंटींना नाही.

"मेंट टू बी"ने तर कहर केला. "बी व्हॉट?" त्यांनी विचारलं. खरंच, पुढे काय? "वी आर मेंट टू बी" म्हणताना इंग्रज वाक्य अर्धवट सोडतो आणि डोळे मिटून उसासा टाकतो. उसाशाचं व्याकरण मला शिकवता येईना.

त्यांना म्हणायचं होतं "युआनफन". त्याला इंग्रजीत धड शब्द नाही, मराठीत आहे. ऋणानुबंध. त्यातल्या फनचा अर्थ वाटा. आपलं नशीब अरबीतून आलं, तिथेही त्याचा अर्थ वाटाच. आंटींनी मग एक चिनी म्हण ऐकवली आणि तुकड्यातुकड्याने समजावली. शंभर वर्षांची पुण्याई असेल तर दोन माणसं एका होडीतून नदी पार करतात, हजार वर्षांची असेल तर एका उशीवर डोकं टेकतात.

"लिफ्ट, हाऊ मेनी इयर्स?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "टेन," त्या म्हणाल्या. "स्मॉल बोट."

मग वही पुढे ओढून डूम्डवर काट मारली आणि नवं वाक्य सावकाश लिहिलं. "दिस लिफ्ट इज डेस्टिन्ड फॉर नाइन्थ फ्लोअर." त्यात एक "द" राहिला होता. मी लाल पेन पर्समध्ये ठेवून दिलं.