निझवाचा शुक्रवार, मस्कतचा शनिवार

ओमानमधल्या भारतीय शाळा गुरुवारी दुपारी सुटतात आणि रविवारी सकाळी पुन्हा भरतात. मस्कतमध्ये शिकवणाऱ्यांची सुट्टी म्हणजे शुक्रवार-शनिवार. पूर्वी ती गुरुवार-शुक्रवार असायची. २०१३ साली देशानं एक दिवस पुढे सरकवली.

नव्यानं आलेल्या शिक्षकांचे हे दोन दिवस बहुतेक एकाच पद्धतीनं जातात. शुक्रवारी उशिरा उठायचं, दुपारी आठवड्याचा किराणा, संध्याकाळी दर्सैतच्या कृष्णमंदिरात दर्शन किंवा कुणाकडे तरी जेवण. यात गैर काहीच नाही. पण भारतीय शाळेत मुलं भारतीय, पालक भारतीय, स्टाफरूमही भारतीय. ओमानी माणूस भेटायचा तर तो सुट्टीच्या दिवशीच, आणि इथल्या आठवड्याचा सगळ्यात गजबजलेला भाग शुक्रवारी पहाटे सुरू होऊन दुपारच्या नमाजाआधी उरकतो. साडेअकराच्या सुमारास शटरं खाली येतात, त्यानंतर बरीच दुकानं थेट चारनंतर उघडतात. म्हणून नव्या शिक्षकांना आमचं पहिलं सांगणं असतं की झोप शनिवारी काढा, शुक्रवारी पहाटे पाचला घर सोडा.

जायचं निझवाला, तिथला शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार बघायला. मस्कतपासून साधारण १६० किलोमीटर, रस्ता उत्तम, पावणेदोन तास पुरतात. हमरस्त्यावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि कॅमेरे जागोजागी, त्यामुळे उशीर झाला म्हणून वेग वाढवून तो भरून काढता येत नाही. सातच्या आत किल्ल्याजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लागली पाहिजे. साडेनऊ-दहाला पोहोचलात तर बाजार उठलेला असेल.

बकऱ्यांचा हा बाजार आपल्या गुरांच्या बाजारापेक्षा वेगळ्या रीतीनं चालतो. आपल्याकडे जनावर खुंट्याला बांधलेलं असतं आणि गिऱ्हाईक फिरतं. निझवाला गिऱ्हाईक बसतं आणि जनावर फिरतं. मधोमध छप्पर असलेला गोल ओटा, बाहेरून कठड्याचं कडं, आणि दोहोंच्या मधल्या वाटेवरून विकणारे आणि दलाल शेळ्या-बोकड ओढत गोल चालत राहतात. चालता चालता शेवटची बोली ओरडत राहायचं. ओट्यावरच्या कुणाला जनावर नजरेत भरलं की तो हात करून थांबवतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीच्या कण्यावर अंगठा दाबून मांस चाचपतो, दुभती असेल तर आचळ बघतो. पटलं तर दोन-चार रियाल वाढवतो, नाहीतर मानेनंच नाही म्हणतो आणि फेरी पुढे सरकते. मालकानं होकार दिला की दोरी नव्या हातात. सगळं मिनिटाभरात. बुरखेवाल्या बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातींतल्या) बायकाही सौद्यात असतात आणि भावात हटत नाहीत. चांगल्या स्थानिक बोकडाला शंभर रियाल मागितले तर नवल नाही. बाहेरून आणलेली जनावरं स्वस्त पडतात.

उभं कुठं राहायचं हे महत्त्वाचं. फिरण्याच्या वाटेत कधीही नाही. फोटोच्या नादात लोक तिथंच थांबतात, मागचा दलाल अडतो, बोली तुटते आणि मग ओरडा खावा लागतो, तोही रास्त. शेळ्या-मेंढ्यांनंतर गाई-बैल येतात. एखादा बैल दावं तोडून उधळतो, तेव्हा कठड्याच्या बाहेर असलेलं बरं. पायात बंद बूट हवेत. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत, पुरुषांनीही हाफ पॅंट टाळावी. पुरुषाचा फोटो विचारून घ्या. बाईचा मागूच नका.

शेजारीच खजुराचा बाजार आहे. ‘खलास’ मऊ आणि मधाळ, ‘खुनैझी’ काळपट-लाल. आधी एक चाखून बघायला देतात, संकोच करू नका. त्याच खजुराचा किल्ल्यात काय उपयोग होता तेही बघून घ्या. ओमानच्या जुन्या किल्ल्यांत खजुराची कोठारं असत. पोत्यांची थप्पी लावली की खालचा खजूर वजनानं दबायचा, त्याचा रस जमिनीतल्या समांतर पन्हाळींतून वाहत येऊन हौदात साचायचा. तो रस एरवी खाण्याचा. वेढा पडला की हाच पाक उकळून दरवाजावरच्या भोकांतून खाली ओतायचा.

परतीच्या वाटेवर बिरकत अल मौझला थांबा. बहुतेक गाड्या इथून जबल अखदर या डोंगराच्या चढाला लागतात आणि गाव बघायचं राहून जातं. इथला ‘फलज अल खतमैन’ ही ओमानच्या त्या पाच पाणीवाटांपैकी एक, ज्यांना २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचं, तिथून अगदी अल्प उताराचा बोगदा काढायचा आणि पंप न लावता पाणी गावात आणायचं. मलिक अंबरानं सतराव्या शतकात औरंगाबादला खोदवलेल्या नहरींचं तंत्र याच घराण्यातलं, त्यामुळे मराठवाड्यातून आलेल्याला हे परकं वाटू नये. भूगोल शिकवणाऱ्यानं तर इथं तासभर काढावाच. गावात शिरताना पाणी आधी पिण्यासाठी उघडं ठेवलेलं असतं, मग मशीद, मग अंघोळीच्या जागा, मग खजुराच्या बागा आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकं. या क्रमामागे कारण आहे. दुष्काळात पाणी आटलं की शेवटची शेतं त्या वर्षी पडीक ठेवता येतात, पण खजुराचं झाड मेलं तर पुन्हा उभं करायला वर्षं जातात. पाण्याचा वाटा वेळेत मोजतात, अर्ध्या तासाचा एक हिस्सा. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर. ज्यांच्याकडे मालकीचा हिस्सा नाही ते लिलावात विकत घेतात. त्यामुळे या पाण्यात साबण लावून पाय धुणं म्हणजे कुणाच्या तरी पैशाच्या वस्तूत घाण करणं. वरच्या अंगाला, पिण्याच्या जागेपाशी, हातही बुडवू नका.

गावात कुणी ‘तफद्दल’ (या ना) म्हणून कॉफीला बोलावलं तर जा. चपला बाहेर, बसताना पायाचा तळवा समोरच्याकडे नको. आधी खजूर, मग बिनसाखरेची, वेलदोड्याची कहवा, बिनकानाच्या छोट्या कपात तळाशी थोडीशीच. कप उजव्या हातानं घ्यायचा आणि द्यायचा. रिकामा कप नुसता पुढे केला तर तो पुन्हा भरतात. पुरे झालं असेल तर कप दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. हे ठाऊक नसलं की पाच-सहा कप पोटात जातात. शाकाहारी असाल तर ते पहिल्याच मिनिटाला, हसून सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं की यजमानाला वाईट वाटतं.

आता गाडीचा प्रश्न. मस्कतहून बस जाते, पण बाजाराच्या वेळेला ती उपयोगाची नाही. बुर्ज अल सहवाच्या चौकातून नारिंगी-पांढऱ्या शेअर टॅक्सी मिळतात. बसण्याआधी ‘शेअरिंग’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर पूर्ण गाडीचे पैसे लागतात. खरा उपाय म्हणजे लायसन. रहिवासी व्हिसा असला की भारतीय लायसनवर भागत नाही, इथली परीक्षा द्यावी लागते: आधी सिग्नलची, मग ड्रम, मग रोड टेस्ट. ड्रम टेस्टमध्ये पिंपांच्या मधल्या जागेत गाडी रिव्हर्समध्ये घ्यायची, पिंपाला स्पर्श झाला की नापास. रोड टेस्टमध्ये आपली माणसं अडकतात ती बहुधा राउंडअबाउटला. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात, त्यामुळे राउंडअबाउटमध्ये डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपली सवय नेमकी उलट. त्यात आरशात बघितल्याचं परीक्षकाला दिसेल अशी मान वळवत नाहीत. आल्या आल्या क्लास लावा, हिवाळा वाया जाणार नाही. जबल अखदरला मात्र लायसन असूनही साधी गाडी चालत नाही. चढाच्या पायथ्याशी पोलीस चौकी आहे आणि फोर बाय फोर नसेल तर परत पाठवतात. चार-पाच जणांत मिळून भाड्यानं घेतली तर परवडते.

वादी शाबबद्दल सगळे विचारतात. वादी म्हणजे डोंगरातल्या ओढ्याची दरी. ही सूर शहराच्या वाटेवर तिवी गावाजवळ आहे, एका रियालमध्ये होडीनं पलीकडे जाऊन-येऊन, मग खडकांतून पाऊण तास चाल आणि पुढे पोहत जायचं. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापाशी थांबा, तिथपर्यंतचीही दरी सुंदर आहे. ओल्या खडकावर सपाट तळव्याची चप्पल घसरते. पट्ट्याचे, खाचांचे सॅंडल हवेत. आणि डोंगराकडे काळं आभाळ दिसलं तर डोक्यावर ऊन असलं तरी बेत रद्द. पाऊस वीस किलोमीटरवर पडतो आणि लोंढा इथं येतो, कारण उघड्या खडकात पाणी मुरतच नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं इथं कायद्यानं गुन्हा आहे. दर वर्षी लोक वाहून जातात, म्हणून हे इतकं ठासून लिहितोय.

शनिवार मस्कतसाठी. सुलतान काबूस ग्रँड मशीद बिगरमुस्लिमांना शुक्रवारी बंद असते, म्हणून शनिवारी सकाळी आठला दारात हजर राहा; अकराला बाहेर काढतात. बायकांना केस, मनगटं आणि घोटे झाकावे लागतात, ओढणी मोठी न्या. २००१ साली उघडलेल्या या मशिदीचा दगड भारतातून आणलेला वालुकाश्म आहे.

तिथून मत्राचं मासळी मार्केट. कोकणातून आलेल्याला इथं घरच्यासारखं वाटतं, फक्त नावं बदलतात: सुरमई म्हणजे ‘कनाद’, सोबत कुपा, तारली आणि गोबऱ्याच्या जातीतला ‘हमूर’. भाव आख्ख्या माशाचा ठरतो. कापणारे वेगळे बसतात, त्यांची मजुरी वेगळी द्यायची, आणि तुकडे हवेत की फिले हे सुरी लागायच्या आधी सांगायचं. नाहीतर कालवणासाठी हवं असलेलं डोकं कचऱ्यात जातं. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमईच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ‘ताजी’ म्हणून कुणी विकली तर घेऊ नका.

मत्राचा सूक, म्हणजे जुना बाजार, दुपारी एक ते चार बंद. लुबान तिथंच घ्यावा. हा आपल्या सालईच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंक, दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या कोरड्या डोंगरांतला. ‘होजारी’ सगळ्यात वरचा. खडा उजेडात धरला तर फिकट हिरवट आणि अर्धपारदर्शक दिसतो, सालीचे कपचे नसतात. पिवळट-तपकिरी चुऱ्याला होजारीचा भाव देऊ नका. जाळताना निखाऱ्यावर पांढरी राख चढेपर्यंत थांबा. लाल निखाऱ्यावर टाकलात तर खडा करपतो आणि धूर घशाला लागतो.

हे सगळं ऑक्टोबर ते मार्च. रमजान मधे आला तर दिवसा चारचौघांत पाणीही प्यायचं नाही, तेव्हा वादीचे बेत नकोत. सूक मात्र रात्री उशिरापर्यंत जागा असतो. एप्रिलमध्ये एक खेप राखून ठेवा ती जबल अखदरच्या गुलाबांसाठी. दोन हजार मीटर उंचीवरच्या अल ऐन, अल अकर या गावांत फुलं पहाटेच खुडतात, कारण ऊन चढलं की सुगंध उडतो. मातीच्या चुलीत बसवलेल्या मडक्यात पाकळ्या, त्यावर आत एक धातूचं भांडं आणि सगळ्यावर गार पाण्यानं भरलेलं दुसरं भांडं झाकण म्हणून. वाफ गार बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलत राहायचं, तिथं आळस झाला तर वाफ निसटते आणि गुलाबपाणी पातळ होतं. लाकडावर काढलेल्या अर्काला किंचित धुराचा वास असतो, तो अस्सलपणाची खूण. नव्या कारखान्यांतलं पाणी स्वच्छ आणि बिनधुराचं. खिरीत घालायला ते चालतं, कहवात मात्र जुन्या चुलीचंच घ्या.