बहात्तर तासांतला गुडघा

परदेशातून आलेल्या खेळाडूची वैद्यकीय तपासणी म्हणजे त्याच्या शरीराची तपासणी, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. प्रत्यक्षात ते करारातलं एक कलम असतं, आणि त्या कलमाला घड्याळ लावलेलं असतं.

युरोपातल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबात मी फिजिओ आहे. देश आणि साल सांगत नाही, आणि त्या खेळाडूची ओळख पटेल असे एक-दोन तपशील इकडचे तिकडे केले आहेत. आमच्याकडच्या करारांत साधारण असं लिहिलेलं असतं: खेळाडू उतरल्यापासून ठरावीक तासांत, आणि पहिल्या सरावाआधी, क्लबने त्याची तपासणी करून घ्यायची. तीत तो नापास झाला तर करार संपला, परतीचं तिकीट काढून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण मुदत टळली, किंवा तपासणीआधीच त्याला सरावाला उतरवलं, तर तो पास झाला असं धरलं जातं. मग त्याचा पाय लाकडाचा निघाला तरी हंगामभराचे पैसे पक्के.

या प्रकरणात मुदत बहात्तर तासांची होती.

तो अमेरिकन शूटिंग गार्ड, म्हणजे लांबून बास्केट करणारा खेळाडू, तिशी ओलांडलेला. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, कुणी घेतलं नाही म्हणून कॉलेज संपल्यावर जो बाहेर पडला तो आमच्यापर्यंत सात देश करून आला होता. परदेशी गेलेला बास्केटबॉलपटू म्हटलं की लोकांना स्टेफॉन मारबरी आठवतो. एनबीए सोडून २०१० मध्ये चीनला गेला, बीजिंगला तीन विजेतेपदं मिळवून दिली, तिथे त्याचा पुतळा उभा राहिला. असे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकीच्यांचं आयुष्य म्हणजे दहा महिन्यांचा करार, दोन बॅगा, आधीच्या खेळाडूने सोडून दिलेल्या भांड्यांचं घर आणि क्लबची गाडी. डिसेंबरपर्यंत संघ हरत राहिला की पहिली कुऱ्हाड परदेश्यावर, कारण नियमाने त्यांच्या जागा मोजक्या असतात आणि प्रत्येक जागेवर नवा माणूस आणून अध्यक्षांना काहीतरी केल्यासारखं दाखवता येतं.

देश बदलताना खेळाडूबरोबर एक कागद मात्र न चुकता प्रवास करतो. आधीच्या देशाच्या महासंघाने 'हा आता आमच्याकडे बांधलेला नाही' असं पत्र द्यायचं, त्याला लेटर ऑफ क्लिअरन्स म्हणतात. फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाप्रमाणे त्यावर सात दिवसांत उत्तर यावं लागतं. त्या पत्रात तो मोकळा आहे की नाही एवढंच असतं. गुडघ्याबद्दल अक्षर नसतं. मागच्या क्लबातल्या फिजिओने काय पाहिलं, कुठे इंजेक्शन दिलं, काय बंद करायला सांगितलं, यातलं काहीही पुढे येत नाही. प्रत्येक क्लबात मी किंवा माझ्यासारखी कुणीतरी कोऱ्या कागदापासून सुरुवात करते, आणि त्या कागदावर पहिलं जे लिहिलं जातं ते खेळाडू स्वतः सांगेल तेवढंच.

हंगामपूर्व सराव सुरू झालेला, ऑगस्ट महिना. तो मध्यरात्री उतरला. त्याच्या पहिल्या दिवशी दुपारी मी त्याची उंची, वजन घेतलं आणि प्रश्नावली भरून घेतली. 'पूर्वीच्या शस्त्रक्रिया' या रकान्यात त्याने लिहिलं: उजवा गुडघा, दुर्बिणीतून साफसफाई, बऱ्याच वर्षांपूर्वी. "डॉक, गुडघा एकदम मस्त आहे," म्हणाला. मी डॉक्टर नाही हे मी या लोकांना सांगणं आता सोडून दिलं आहे.

एमआरआयची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली होती. हृदयाचं इकोही तेव्हाच. उंच माणसांच्या खेळात इको टाळून चालत नाही. २०१४ मध्ये आयझायाह ऑस्टिन या अमेरिकन कॉलेज खेळाडूला ड्राफ्टच्या अगदी तोंडावर मार्फान सिंड्रोम असल्याचं कळलं होतं. हा आनुवंशिक विकार हृदयाजवळच्या महाधमनीला धोका देतो. (पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तोही परदेशातच, सर्बियात, खेळायला गेला.) बहात्तर तासांत हे सगळं आरामात बसत होतं. आडवे आले ते प्रशिक्षक. त्या संध्याकाळी दोन गार्ड जायबंदी होते, पाच-पाच खेळवायला माणूस कमी पडत होता. "थोडा धावू दे त्याला, विमानात आखडला असेल," म्हणाले. हे प्रशिक्षक चांगले आहेत, खेळाडूंवर ओरडत नाहीत, पण करार वाचणं हे आपलं काम नाही असं त्यांना मनापासून वाटतं. मी मॅनेजरच्या सहायकाला फोन लावला. तो उचलला गेला नाही.

सरावाला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कंबरेला मी सेन्सर लावते. बंद सभागृहात उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे फुटबॉलवाल्यांचं जीपीएस आमच्या उपयोगाचं नाही. आमचा सेन्सर उड्या मोजतो, अचानक थांबणं आणि दिशा बदलणं मोजतो, आणि प्रत्येक नोंदीला वेळ चिकटवतो. रोजच्या सवयीने त्यालाही लावला. तो जवळजवळ पूर्ण सत्र खेळला, आणि छान खेळला.

दुसऱ्या दिवशी एमआरआयच्या पडद्यावर वेगळीच गोष्ट होती. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या ज्या खाचेतून वरखाली सरकते, तिथलं कार्टिलेज, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, एका जागी हाडापर्यंत गेलं होतं आणि खालच्या हाडात सूज होती. त्या जागेच्या कडांवरून आमच्या रेडिऑलॉजिस्टने लगेच ओळखलं की इथे मायक्रोफ्रॅक्चर झालेलं आहे. म्हणजे साफसफाई नव्हे. या शस्त्रक्रियेत उघड्या पडलेल्या हाडाला बारीक भोकं पाडतात, आतून रक्त आणि मज्जा वर येते आणि जागा भरते. भरते ती तंतुमय ऊतकाने. मूळ कार्टिलेजइतकं ते टिकत नाही. एनबीएतला नावाजलेला खेळाडू अमारे स्टाउडमायर याचं २००५ मध्ये हेच झालं होतं. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे दहा कोटी डॉलरचा करार केला तेव्हा विमा कंपन्या त्याच्या गुडघ्यांचा विमा उतरवायला तयार नव्हत्या. तोच माणूस नंतर इस्रायलला गेला आणि २०२० मध्ये मक्काबी तेल अवीवबरोबर लीग जिंकून अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून नुसतं चित्र पाहून गुडघ्याचा निकाल लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मी चित्र बाजूला ठेवलं आणि गुडघा हातात घेतला. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मांडीचा घेर: उजवा स्पष्ट कमी, आतल्या बाजूचा स्नायू बसलेला. सांध्यातलं पाणी तळहाताने वर सारलं की बाहेरच्या बाजूने पुन्हा सरकत येतं का हे पाहायचं. येत होतं, थोडंसं. लिगामेंट घट्ट. एका पायावर लांब उडी मारायला लावली तर दोन्ही पायांत फरक नगण्य. इथेच पुष्कळ जण थांबतात आणि 'समतोल नव्वद टक्क्यांच्या वर, फिट' असं लिहून मोकळे होतात. पण लांब उडीत कमजोर गुडघ्याचं काम घोटा आणि कंबर गुपचूप उरकून टाकतात. म्हणून मी त्याला फोर्स प्लेटवर, म्हणजे प्रत्येक पायावरचा भार मोजणाऱ्या पाटावर, सरळ वर उडी मारायला लावलं, पुन्हा पुन्हा. वर जाताना दोन्ही पाय सारखे. खाली येताना दर वेळी भार डाव्यावर, उजवा नुसता टेकवलेला. बघणाऱ्याला दिसणार नाही इतकं सफाईदार. अनेक वर्षं तो असाच उतरत आला असणार.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"दुखण्याने," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सांगितलं असतं तर तिसऱ्या क्लबानंतर मला कुणी घेतलंच नसतं, डॉक."

मी माझ्या अहवालात लिहिलं: आज खेळण्यास समर्थ, जुनी गंभीर इजा, सरावाचा भार मर्यादित ठेवल्यास हंगाम पूर्ण करू शकेल, खात्री देता येत नाही. क्लबचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं, गुडघ्याला हात लावला नाही, आणि लिहिलं: जोखीम अतिशय जास्त. खरं सांगायचं तर त्यांचं वाक्यही खोटं नव्हतं.

मुदत संपायला काही तास असताना जनरल मॅनेजरने मला बोलावलं. त्याच सकाळी दुसऱ्या लीगमधला एक गार्ड त्याच्या क्लबाने सोडला होता आणि तो स्वस्तात मिळत होता. हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्या इमारतीत भिंतींनाही कान लागत नाहीत, लोक दारं उघडी ठेवूनच बोलतात. मॅनेजरांनी कलम माझ्यासमोर ठेवलं.

"तुम्ही पहिल्या दिवशी दुपारी त्याचं वजन घेतलंत?"

"हो."

"म्हणजे तपासणी सरावाच्या आधी झाली."

"सुरू झाली. झाली नाही."

"कलमात कुठे लिहिलंय की पूर्ण झालेली हवी?"

नव्हतं लिहिलेलं. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मी आजही मान्य करते. त्यांना हवं होतं ते एवढंच की अहवालावर एकच तारीख असावी, पहिल्या दिवसाची, आणि तपासण्या वेगवेगळ्या वेळी झाल्याचा उल्लेख नसावा. मी प्रत्येक तपासणीसमोर तिची खरी वेळ लिहिली आणि सही केली. त्यांनी आवाज चढवला नाही. डॉक्टरांचा अहवाल त्यांना पुरेसा होता. संध्याकाळी खेळाडूच्या हातात पत्र पडलं.

त्याच्या एजंटाने बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलकडे जाण्याची नोटीस दिली. फीबाच्या पुढाकाराने २००७ पासून चालणारा हा लवाद जिनिव्हाला आहे. बहुतेक प्रकरणं त्यातला एकच निर्णायक कागदपत्रांवरून निकाली काढतो, आणि एखाद्या देशाच्या कायद्यावर बोट न ठेवता न्याय्य काय ते पाहून निर्णय देतो. हरलेला क्लब पैसे देत नसेल तर फीबा त्याच्यावर नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते, म्हणून क्लब त्याला घाबरतात. मला साक्षीला कुणी बोलावलं नाही. पण खेळाडूने स्वतः क्लबाला पत्र लिहिलं: तुमच्याकडे माझी जी माहिती आहे तिची प्रत द्या. युरोपात २०१८ पासून माहिती संरक्षणाचा जो कायदा आहे त्यानुसार ती महिन्याभरात द्यावी लागते. वकिलांनी मला फाइल जमवायला सांगितली. मी सगळी जमवली, आणि त्या सगळ्यात पहिल्या संध्याकाळच्या सरावाची सेन्सरची नोंदही होती: प्रत्येक उडी, प्रत्येक मिनिट. प्रशिक्षक त्याला 'थोडं धावणं' म्हणत होते.

त्यानंतर क्लबाने तडजोड केली. रक्कम गुप्त. निकाल लागलाच नाही, त्यामुळे वजन घेणं म्हणजे तपासणी की नाही हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्याकडे मात्र धडा घेतला गेला. पुढच्या हंगामाआधी सूचना निघाली: वैद्यकीय तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या खेळाडूला सेन्सर लावू नये. सराव करू देऊ नये, असं नाही. सेन्सर लावू नये.

मला छळतं ते वेगळंच. खेळाडूबरोबर त्याची वैद्यकीय फाइलही क्लबातून क्लबात गेली पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगत आले आहे. सहकाऱ्यांच्या बैठकीत यावर भाषणंही ठोकली आहेत. सात देशांतल्या सात फिजिओंनी एकमेकांचं लिहिलेलं वाचलं असतं तर तो गुडघा या अवस्थेला आला नसता, हे मला आजही पटतं. आणि ती फाइल असती तर त्याची कारकीर्द तिसऱ्या क्लबातच संपली असती, हेही तितकंच खरं आहे, कारण ती फाइल सर्वात आधी फिजिओने नव्हे, मॅनेजरने उघडली असती. त्याने गुडघ्याच्या बदल्यात आणखी चार-पाच हंगामांचे पगार घेतले. सौदा त्याचा होता. तो चुकीचा होता असं म्हणायला मला जमत नाही, आणि शहाणपणाचा होता असंही नाही.

तडजोडीनंतर त्याला जानेवारीत एक क्लब मिळाला, आमच्याहून बऱ्याच खालच्या लीगमध्ये, लांबच्या देशात. काही आठवड्यांनी तिथल्या फिजिओची मेल आली. नवा मुलगा असावा, फार अदबीने लिहिलं होतं. उजव्या गुडघ्यात पाणी भरतंय, खेळाडू म्हणतो जुनी साफसफाई झाली आहे, तुमच्याकडे काही अहवाल किंवा एमआरआय असेल तर पाठवता का?

खेळाडूच्या लेखी संमतीशिवाय मी काहीच पाठवू शकत नाही, असं त्याला कळवलं आणि संमतीचा अर्ज जोडला. तोच अर्ज खेळाडूलाही पाठवला, आणि खाली लिहिलं की निदान उतरताना भार कुठे जातो तेवढं तरी त्या मुलाला दाखव.

त्याचं उत्तर लगेच आलं: "करार जूनपर्यंत आहे, डॉक. जूनमध्ये सही करतो."