कॉमन मॅनच्या कोटावरचा गाळ

२०१९च्या पुरात नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका घराच्या तळमजल्यात गोदेचं पाणी शिरलं आणि आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांची कात्रणवही भिजली. पाणी ओसरल्यावर त्या घरातले काका ती आमच्या स्कॅनिंगच्या दुकानात घेऊन आले. चित्रं मोठी करून फलकांवर लावायची होती.

ओला गाळ पुसायचा नसतो. तो कागदात आणखी मुरतो. पानांमध्ये टीपकागद घालायचा, तो दमटला की बदलायचा, आणि गाळ पुरता वाळला की मऊ ब्रशने झटकायचा. काकांच्या घरी कुणीतरी हौसेने इस्त्री फिरवली होती. कात्रणं खळीने डकवलेली, त्यामुळे काही पानं कायमची चिकटली.

स्कॅनरवर कात्रणामागे काळा कागद हवाच, नाहीतर मागची जाहिरात डोकावते. पाच सेंटिमीटरचं पॉकेट कार्टून पंचेचाळीसचं करायचं, म्हणून २४०० डीपीआय, म्हणजे इंचामागे तितके ठिपके. १२००ला छपाईत जेमतेम १३३ उरतात आणि रेषेला दाते पडतात. रंगीत स्कॅनमधला फक्त लाल चॅनल घेतला की कागदाचा पिवळेपणा बराच उडतो. लक्ष्मण ब्रशने काढत. रेषा पोटाशी जाड, सुटताना केसाएवढी. थ्रेशहोल्ड, म्हणजे कुठवरचा करडा काळा धरायचा ती मर्यादा, जरा वर-खाली झाला की मिशीची टोकं आधी जातात. एका क्लिकवर ‘साफ’ करणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

माहितीच्या फलकावर जन्मगाव पुणे लिहून आलं होतं. जन्म म्हैसूरचा, १९२१चा. पुण्यात २६ जानेवारी २०१५ला ते गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला, ही ओळ मात्र ठळक टाइपात! १९५१पासून रोजचं पॉकेट कार्टून, तेही काही दशकं, हे खाली बारीक अक्षरांत. मी दोन्ही टाइपांची अदलाबदल केली. काकांना ते फारसं रुचलं नाही.

खरा घोळ एका कात्रणात झाला. गाळ नेमका कॉमन मॅनच्या, म्हणजे लक्ष्मण यांच्या त्या नेहमीच्या सामान्य माणसाच्या, चौकटीच्या कोटावर बसला होता आणि झटकताना तिथली शाई सुटून आली.

“अरे, चौकटीच तर आहेत. दोन रेषा ओढून टाक,” काका म्हणाले.

त्या चौकटी पट्टीने आखलेल्या नसतात. पाठीच्या पोकाबरोबर वळतात, बाहीशी तुटतात. आमच्या ऑपरेटरने शक्कल लढवली. दुसऱ्या चित्रातला कोट उचलला, तोंड उलट दिशेला होतं म्हणून आरशासारखा फिरवला आणि बसवला. हात सफाईदार आहे त्याचा, पण बटणांची पट्टी भलत्या बाजूला गेली.

मी दोन्ही प्रिंट काढले: एक डागासकट, एक जोडकामाचा. डागाच्या प्रिंटखाली ‘पुरात खराब झालेलं कात्रण’ असं छापू म्हटलं. काका म्हणाले, “लोक चित्र बघायला येणार, पूर नाही.” त्यांनी जोडकामाचाच नेला. तळाशी ‘कोटाचा भाग नंतर भरलेला’ एवढी ओळ टाकू द्या म्हणून मी मागे लागलो होतो. तिचे पैसे लागणार नव्हते, तरी नको म्हणाले.